खऱ्या सहाला पाच

प्रकाशा
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

चि. रंजिता,

गेल्या वर्षभरात घरासाठी माझ्या हातानं केलेल्या वस्तू अशा:

एक. मायच्या खाटेला उतरता टेकू. सागाचा, चार खाचांचा. पहिल्या खाचेवर तो जवळजवळ आडवा राहतो, चौथीवर माणूस खुर्चीत बसल्यासारखा. संक्रांतीपासून चौथी खाच चालू आहे.

दोन. मायच्या चपलांना नवे पट्टे, आधीच्यापेक्षा बोटभर सैल. शिवण दुहेरी.

तीन. न्हाणीपासून ओट्यापर्यंत कठडा. सव्वा इंची पाइप, उंची दोन फूट नऊ इंच. माप मायच्या मनगटावरून घेतलं.

चार. नदीच्या वाटेवर, आपल्या दारापासून एकशे दहा पावलांवर, लोखंडी बाकडं. केदारेश्वराला जाताना मायला टेकायला. मागच्या महिन्यात दुसरं केलं, ते साठ पावलांवर आहे.

पाच. गोळी कापायचा पितळी अडकित्ता. दोन्ही अर्धुकं सोनाराच्या काट्यावर तोलून पाहिली. फरक शून्य.

सहा. रक्तदाबाचं पाऱ्याचं यंत्र. हे एक तेवढं वर्षभरातलं नाही, चार वर्षांपूर्वीचं; तू पाहिलेलं आहेस. शहाद्याच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा भंगारात निघालेलं. वाटी गंजलेली, नळी फुटलेली. वाटी मी स्टेनलेसची, लेथवर नवी काढली. नळी मूळच्यापेक्षा जाड बसवली, म्हणजे आकडा लांबून दिसतो. मापपट्टी मी आखली. तीनशे रेघा, प्रत्येक रेघ एक मिलिमीटर, स्टीलच्या फूटपट्टीला लावून. भिंगाखाली पाहिलंस तरी एक रेघ इकडची तिकडे सापडणार नाही.

या सहांपैकी एकासाठीही मी कोणाला विचारायला गेलो नाही. बापू गेले आणि नववीत माझी शाळा सुटली. लेथ मी कारखान्यात झाडू मारता मारता नजरेनं शिकलो. तुझ्या नर्सिंगच्या तीन वर्षांची फी त्याच लेथवर निघाली, हे मी कधी बोलून दाखवत नाही. नंदुरबारच्या रिखबचंद शेठनी माझं मिरचीचे देठ खुडायचं यंत्र नकाशासकट मागितलं, ते मी दिलं नाही. शेठ केवढा आकडा बोलले ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे, म्हणून इथे लिहीत नाही.

पत्र मायच्या सांगण्यावरून लिहितोय. परवा टेकूला टेकून बसली होती, म्हणाली, "तुन्ही बहीणले लिख. भाऊ घरमा काय काय करस ते तरी तिले समजू दे." मी म्हटलं, फोनवर तूच सांग की. तर म्हणे, "फोनवर मी 'बरी शे' इतलंच सांगस. बाकीनं तू लिख." फोन मी करत नाही, कारण फोनवर माझा आवाज चढतो. कागदावर चढत नाही.

माय बरी आहे. रोज सकाळी सव्वासातला दाब घेतो आणि वहीत लिहितो. कालचा १३२/८४. माझा स्वतःचा १२२/७६, एकावन्नाव्या वर्षी. पट्टा बांधायला घेतला की ती कुरकुरते: "सासूना जाच परवडना, पन तुन्हा पट्टा नको." पण हात पुढे करते.

एक गोष्ट घडली ती सांगतो, कारण ती तुझ्या कानावर दुसरीकडून जाईल. बुधवारी गावात तपासणीचं शिबिर होतं. तिथल्या मुलीनं बॅटरीचं मशीन लावून मायचा दाब १७८/१०६ सांगितला आणि घाबरवून सोडलं. मी म्हटलं, "बाई, आधी तुमचं मशीन तपासून घ्या." ती म्हणाली, "काका, नवं आहे." मी म्हटलं, "नवं आहे म्हणूनच." संध्याकाळी मी घेतला, १४८/८८. तेवढाही वाढला होता तो शिबिरापर्यंत चालत गेली म्हणून.

भाऊबीजेला तू मला अडाणी म्हणालीस, त्याला सव्वातीन वर्षं झाली. ते मी विसरलेलो नाही. पण हे पत्र त्याबद्दल नाही.

नवनीत

---

प्रकाशा
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

चि. रंजिता,

तुझं उत्तर बुधवारी मिळालं. सुरतेहून नऊ दिवसांत दोन टपाल, म्हणजे तू त्याच दिवशी लिहायला बसलीस.

तुझी पहिली चार वाक्यं मी उतरवून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की मी ती वाचली नाहीत. "भाऊ, यादी मिळाली. तू मला मायचा केस पेपर पाठवलास. आडवं झालं की तिला दम लागतो म्हणून टेकू, पाय सुजतात म्हणून चपला, आणि एकशे दहा पावलं चालवत नाहीत म्हणून साठांवर दुसरं बाकडं. प्रत्येक वेळी तिचं हृदय काहीतरी सांगत होतं आणि तू सुतारकाम करत होतास."

बाकडं लोखंडी आहे. ते सुतारकाम नव्हे. असो.

तुझ्या पाच प्रश्नांची उत्तरं:

पहिला, झोपेतून दम लागून उठते का. हो, आठवड्यातून तीन-चारदा. उठून बसली, खिडकी उघडली, की पंधरा-वीस मिनिटांत ठीक होते. थोडा खोकला.

दुसरा, नडगीवर बोट दाबलं तर खड्डा राहतो का. राहतो. आज सकाळी पाहिला. खोली अंदाजे तीन मिलिमीटर, भरून यायला चाळीस सेकंद.

तिसरा, वजन. कारखान्यातल्या काट्यावर घेतलं. दिवाळीत एकावन्न होतं, आता पंचावन्न किलो दोनशे ग्रॅम. हे मला चांगलं लक्षण वाटलं होतं. तुझ्या वहिनीला मी म्हणालोसुद्धा की माय अंग धरतेय. त्यावर वहिनी म्हणाली, "जेवते अर्धी भाकरी, अंग कुठून धरेल?" तेव्हा मी लक्ष दिलं नाही.

चौथा, गोळी कोणती आणि किती. डॉक्टरांनी लिहून दिलेलीच चालू आहे.

पाचवा, माझं यंत्र दुसऱ्या कुठल्या यंत्राशी ताडून पाहिलं का. त्याची गरज मला वाटत नाही. फूटपट्टी ही फूटपट्टी असते, ती प्रकाशा गावात आणि सुरतेत सारखीच. मापलेली वस्तू विकतच्या वस्तूशी ताडून पाहायची म्हणजे उलटी गंगा.

तू लिहितेस की आठ दिवसांत मायला नंदुरबारला दाखव. मी तयार आहे. माय तयार नाही. शेजारच्या फुलीबाईंकडे आणि आपल्याकडे मिळून बिबड्यांचा दिवस ठरलाय, ५ मार्च. वर्षाच्या पापडांची ज्वारी निवडून झालीय. तिचं म्हणणं, "बिबडा व्हई जाऊ दे, मंग कोठे लई जानं ते लई जा. डाक्तर काय पयी ऱ्हायना?" मी म्हटलं, ठीक. आकडे तर हाताबाहेर नाहीत. काल १३४/८६.

बिबड्यांत मीठ किती असतं हे तू विचारशील, म्हणून आधीच सांगतो. माय ते उंड्याची चव घेत घेत ठरवते.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. सुतारकामाचा भाग गाळला. ऐकून म्हणाली, "मन्हा बाप बी माले इतला मोजे नई, जितलं तुम्ही दोन्ही भाऊबहीण मोजी ऱ्हायनात." पण पत्र मागून घेतलं आणि उशीखाली ठेवलं. तिला वाचता येत नाही हे तुला माहीत आहे.

नवनीत

---

नंदुरबार, दवाखान्याच्या बाहेरचं बाकडं
गुरुवार, ६ मार्च २०२५, दुपारी चार

रंजिता,

तुझ्या वहिनीनं फोन केलाच आहे आणि तू गाडीत बसली असशील. हे पत्र टपालात टाकणार नाही. तू आलीस की हातात देईन. समोर उभं राहून मला हे सांगता येणार नाही, म्हणून लिहून ठेवतोय. वेळा वहीतून घेतल्या आहेत.

काल सकाळी सहालाच फुलीबाईंच्या अंगणात चूल पेटली. सात बायका होत्या. पीठ शिजवून घाटून झालं, पहिले तीस-एक बिबडे खाटेवर पडले. माय उंडे करून देत होती. ७.३५ला तिनं हातातला उंडा खाली ठेवला आणि पाठीला हात लावला. खांद्यांच्या मधोमध. दरदरून घाम. मला बोलावलं. मी यंत्र घेऊन गेलो.

७.४०ला १५८/९४. वाढलेला होता, पण चुलीपाशी बसलेल्या माणसाचा वाढणारच. मी म्हटलं, घरी चल, टेकूवर बस. ८.०५ला १५६/९४. ८.३०ला १५८/९६. मी वहिनीला म्हणालो, स्थिर आहे. ९.००ला माय म्हणाली, "नवनीत, माले हवा पुरी नई ऱ्हायनी." मी पट्टा पुन्हा बांधला. १६०/९६.

फुलीबाई पिठानं भरलेल्या हातानं आत आल्या. मी पाऱ्याकडे पाहत होतो. त्या मायकडे पाहत होत्या.

"ओ नवनीत भाऊ! काय करी ऱ्हायना?"

"दाब घेतोय. फार नाही."

"फार नई? ओठ काया पडी ग्यात तिन्हा! तो काच सांगस का तुन्ही माय सांगस? मायना तोंडकडे दख ना!"

मी पाहिलं. मग फुलीबाईंच्या जावयाची गाडी काढली. घरून निघालो तेव्हा ९.३० झाले होते. गाडीत ती माझ्या खांद्यावर टेकून बसली होती आणि तिच्या छातीतून बारीक आवाज येत होता, चहा उकळताना भांडं वाजतं तसा. सव्वीस किलोमीटर मी तिचे श्वास मोजत होतो. ती बोलली, तुटक तुटक: "फुलीले सांग... मीठ कमी शे... चाखी ले म्हना."

इथे पोचल्यावर त्यांच्या यंत्रावर १९८/११६.

मी डॉक्टरबाईंना म्हणालो की तासाभरापूर्वी एकशे साठ होता, तुमचं यंत्र एकदा बघून घ्या. हे मी तेव्हासुद्धा म्हणालो, रंजिता. माय आत नाकाला नळी लावून पडली होती आणि मी बाहेर हे म्हणालो.

डॉक्टरबाई तरुण आहेत, तिशीच्या आत. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, फुप्फुसात पाणी साठलंय, बरीच वर्षं वाढलेल्या दाबाविरुद्ध काम करून करून हृदय दमलंय, आधी पाणी उतरवू. इंजेक्शन दिलं. रात्री बारापर्यंत सतराशे मिली उतरलं. आज दम कमी आहे. दुपारी तिनं चहा मागितला, बिनसाखरेचा दिला तर तोंड वाकडं केलं. म्हणजे धोका कमी झाला असं मी धरतोय. डॉक्टरबाई अजून तसं म्हणत नाहीत. "उद्यापर्यंत बघू" म्हणतात.

७.४० ते ९.३०. एक तास पन्नास मिनिटं. ती मिनिटं कुठे गेली हे मला माहीत आहे.

---

प्रकाशा
रविवार, १६ मार्च २०२५

चि. रंजिता,

सहा तारखेचं पत्र तुला द्यायचं होतं. तू तीन दिवस मायपाशी होतीस आणि ते माझ्या खिशात होतं. दिलं नाही. या पाकिटात घातलंय, ते आधी वाच.

तू माझ्याशी त्या तीन दिवसांत जे बोललीस ते एवढंच: "डबा कुठे ठेवू," "पावती दे," आणि जाताना "गोळ्यांच्या वेळा भिंतीवर लिही." मी मोजलं असं नाही. लक्षात राहिलं.

मायला परवा घरी आणलं. वजन पन्नास किलो चारशे. म्हणजे जे अंग धरलं होतं ते पाणी होतं. टेकू दुसऱ्या खाचेवर आलाय. गोळ्यांच्या वेळा भिंतीवर ऑइलपेंटनं लिहिल्या आहेत, अक्षर दोन इंची.

आता राहिलेलं सांगतो.

तू सुरतेला परत गेलीस त्याच दुपारी डॉक्टरबाईंनी माझी वही मागितली. चौदाशेच्या वर नोंदी आहेत. सगळी पानं उलटली. म्हणाल्या, "काका, इतकी चांगली वही मी मोठ्या दवाखान्यातसुद्धा पाहिली नाही. फक्त एकदा ते यंत्र घेऊन या." मी दुसऱ्या दिवशी ते पिशवीत गुंडाळून नेलं. खरं सांगायचं तर जिंकायला नेलं.

तिथे हिलाल म्हणून जुने कर्मचारी आहेत, वाळलेले, निवृत्तीला आलेले. दवाखान्यातली पाऱ्याची यंत्रं ते पूर्वी दुरुस्त करत. त्यांनी माझ्या एका दंडाला दवाखान्याचा पट्टा बांधला, मग त्याच दंडाला माझा. दवाखान्याचं यंत्र म्हणालं १४६/९२. माझं म्हणालं १२२/७६. तीनदा केलं. तिन्ही वेळा तेवढाच फरक.

हिलालभाऊंनी माझं यंत्र उचललं, वाटी पाहिली, नळी पाहिली. बोट पट्टीवरून वरपासून खालपर्यंत फिरवलं.

"पट्टी कोनी आखी?"

"मी."

"झकास आखी. एक रेघ हाललेली नई." मग म्हणाले, "पन भाऊ, पारा नळीमा वर चढना, तो वाटीमातून चढना ना? मंग वाटीमा तो खाले उतरना का नई? तो उतार कोठे मोजा तू?"

मी तिथेच बाकड्यावर बसलो. खिशातून पेन्सिल काढली. नळी आतून आठ मिलिमीटर, वाटी अठरा. पारा पाच वर गेला तर वाटीत एक खाली जातो. दाब म्हणजे या दोन पातळ्यांमधलं अंतर, सहा. माझी पट्टी फक्त वर चढलेला मोजत होती. खऱ्या सहाला पाच. कंपनीच्या यंत्रात नळी दोऱ्यासारखी बारीक असते, आणि तेवढ्या उतारासाठीसुद्धा ते रेघा किंचित जवळ आखतात. मूळ पट्टीवरच्या रेघा मिलिमीटरला कमी पडत होत्या हे मी तेव्हा पाहिलं होतं. कंपनीनं ढिलाई केलीय असं समजून मी ती पट्टी फेकून दिली आणि अचूक आखली.

हिलालभाऊ म्हणाले, "भंगारमा काम करनारा चुका करस त्या ढिल्या ऱ्हातस. तुन्ही चूक एकदम तंतोतंत शे." ते हसले. मीही हसलो असेन. डॉक्टरबाईंनी माझ्या नावाचासुद्धा कागद केला, सकाळी एक गोळी.

मग मी घरी येऊन वहीतला प्रत्येक आकडा सहानं गुणून पाचानं भागला. दोन दिवस लागले. शिबिरातली मुलगी बरोबर होती. माझे त्या संध्याकाळचे १४८/८८ म्हणजे १७८/१०६. एका आकड्याचासुद्धा फरक नाही. तिची माफी मागायला गावच्या आरोग्य उपकेंद्रावर जाऊन आलो. तिला मी आठवत नव्हतो.

आणि तुझा चौथा प्रश्न. "डॉक्टरांनी लिहून दिलेलीच," असं मी लिहिलं ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. गोळी तीच, पण अर्धी. गेल्या पोळ्यापासून. तेव्हा माझ्या यंत्रावर ११८/७४ यायचा, माय म्हणायची डोकं हलकं वाटतं, मी ठरवलं की औषध जास्त होतंय. कोणाला विचारलं नाही. अडकित्ता केला. खरा दाब तेव्हा १४२/८९ होता. म्हणजे पूर्ण गोळीसुद्धा कमी पडत होती आणि मी ती मधोमध कापत होतो, सोनाराच्या काट्यावर तोलून.

डॉक्टरबाईंना हे सांगितलं. त्यांनी कागदावर लिहून घेतलं, आणि पेन बंद करून म्हणाल्या, "काका, आता कापायची नाही." एवढंच. आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं.

मायला सांगितलं नव्हतं. काल सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "मंग कोणता पारा खोटा निघना, तुन्हा का डाक्तरना?"

"माझा."

"हां." एक खडा काढून बाजूला ठेवला. "चार साल तुन्हा खोटा पारावर जगनू ना मी? आते खराच्यावर बी जगी दखसू."

नवनीत

---

प्रकाशा
रविवार, ३० मार्च २०२५, पाडवा

चि. रंजिता,

गुढी उभारली. काठी मायनं धरली, ओट्यावर बसून.

तुझं उत्तर आलं नाही. दोन आठवडे झाले. मी उत्तर मागत नाही, कळवायचं ते कळवतो.

यंत्र मोडलं. पारा काचेच्या बाटलीत बंद करून हिलालभाऊंकडे सोपवला, घरात ठेवायची ती वस्तू नव्हे. वाटी आणि नळी भंगारात. पट्टी ठेवली आहे. कारखान्यात लेथच्या वर लावली, जिथे नजर रोज जाईल. पितळी अडकित्ता वहिनीनं सुपारीला घेतला.

अडचण अशी आहे. डॉक्टरबाईंनी दोन महिने रोज सकाळ-संध्याकाळ दाब लिहून ठेवायला सांगितलंय. नव्या गोळ्या त्याच आकड्यांवर कमी-जास्त होणार. एखादी जास्त झाली तर चक्कर येऊन पडेल, कमी झाली तर पुन्हा पाणी साठेल. पहिले बारा दिवस मी तिला मोटरसायकलवर उपकेंद्रात नेत होतो. ती मुलगी आता मला ओळखते, लांबूनच म्हणते, "काका, मशीन तपासून ठेवलंय." पण रोज दोनदा नेणं मायला झेपत नाही, आणि ऊन वाढायला लागलंय.

बॅटरीचं मशीन नंदुरबारला कुठल्याही दुकानात मिळतं. मी मंगळवारी जाऊन दुकानाच्या पायरीपर्यंत गेलो. घरी येऊन मायला विचारलं, कोणतं आणू? तर तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"मी नई बांधू देस."

"अगं, कंपनीचं आणतो. माझ्या हातचं नाही."

"मन्ही पोरनी लयेल मशीन लय. मंग हात पुढे करसू."

मी म्हटलं, ते कधीच गेलं असेल, कोणाला दिलं असेल. तर म्हणाली, "कपाटमा शे तिन्हा. खोलेल बी नई. दर आयतवारले फोनवर मी इचारस."

मला हे माहीत नव्हतं. सव्वातीन वर्षं दर रविवारी ती तुला "बरी शे" म्हणत होती आणि त्याच फोनवर त्या खोक्याची चौकशी करत होती. मी शेजारच्या खोलीत बसून वही लिहीत होतो.

तेव्हा मागणं एवढंच की ते खोकं पाठव. किंवा घेऊन ये. टपालानं पाठवलंस तर खोक्यावर फक्त मायचं नाव, सुंदरबाई, लिही, पोस्टमन ओळखतो. घेऊन आलीस तर पट्टा कसा बांधायचा ते एकदा दाखव. कोपरापासून किती बोटं वर, हात कितपत टेकवायचा, हे मी माझ्या मनानं ठरवणार नाही. तू सांगशील तसं लिहून घेईन.

अजून एक दुरुस्ती. भाऊबीजेला तू मला अडाणी म्हणालीस असं मी वहिनीला, फुलीबाईंना, शेठना, सगळ्यांना सांगत आलो. पहिल्या पत्रात तुलाही लिहिलं. तू तो शब्द उच्चारला नव्हतास. तू म्हणालीस, "भाऊ, सगळंच हातानं नसतं करायचं. काही माझ्या हातूनही घे." मी त्यातून जो शब्द ऐकला तो माझाच होता.

माय साठ पावलांवरच्या बाकड्यापर्यंत जाऊन आली आज. बसली नाही. नुसता हात लावून परत फिरली.

नवनीत

ता.क. मी काय काय नाकारलं हे मी लोकांना सांगत असतो. शेठचं तर सगळ्यांना तोंडपाठ आहे. हे एक कोणाला सांगितलेलं नाही, मायलाही नाही. २०२१च्या भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तू निघून गेल्यावर मला ते खोकं मायच्या धान्याच्या कोठीमागे सापडलं. तू मला न सांगता ठेवून गेली होतीस. मी मोटरसायकल काढली, सव्वीस किलोमीटर नंदुरबार स्टेशन गाठलं. सुरतेची गाडी उभी होती. तू खिडकीत होतीस, मला पाहून उठलीस, तुला वाटलं मी पोचवायला आलोय. मी खिडकीच्या गजांतून खोकं आत घातलं, तुझ्या मांडीवर ठेवलं, आणि म्हणालो, "आमच्याकडे आहे." मायचा खरा दाब सांगणारी एकच वस्तू आपल्या घरात आली होती आणि ती मी परत केली. किंमत खोक्यावर चिकटवलेली होती. वाचूनच परत केलं. एक हजार आठशे पन्नास रुपये.